बदकिणीची मोजणी

कोणे एके काळी एका तळ्यावर एक बदकीण आपल्या पिल्लांसह राहायची. थोरली लेक भावंडं मोजू लागली, की ती खेकसायची, “गप्प चाल. मोजणं आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.”

एकदा धाकटं पिल्लू शेवाळात अडकून मागेच राहिलं. कुणाला पत्ताच नाही. शेजारच्या पाणकोंबडीने ते अर्धमेलं पिल्लू सोडवून आणलं, तेव्हा बदकीण लेकीवरच भडकली, “तू मोजलं का नाहीस?”

लेक संतापून म्हणाली, “तूच मला गप्प केलंस. तू का नाही मोजलंस?”

“मला दोनच्या पुढे येत नाही,” बदकीण खाली बघत म्हणाली.

मग तिने पिल्लांना ओळीत उभं केलं. “एक, दोन,” म्हणून ती अडली. लेकीने रागातच “तीन” म्हटलं. पुढचा आकडा दोघींनी पाणकोंबडीला विचारला.