मेणबंद पेटीतला पहिलवान

खूप जुनी गोष्ट, बरं का. समुद्रापल्याड, उगवतीच्या जपान देशात एक मोठी लढाई होऊन गेली होती. लढाईच्या दिवसांत तिथली पोरं सुमो पहिलवानांच्या चित्रांचे पत्ते खेळायची. आपला पत्ता जमिनीवर आपटायचा आणि दुसऱ्याचा उलटवायचा. हजारो पत्ते असेच धुळीत गेले.

उरलेले गोळा करायचा नाद तोकुझो नावाच्या एका माणसाला लागला. पत्ता हाती आला की तो आधी कोपरे बघे, मग पुठ्ठ्याची जाडी, मग छपाईचा रंग.

डोंगरावरच्या एका म्हातारीकडे एक पत्ता होता. तसा दुसरा कुठे उरला नव्हता. त्यावरचा पहिलवान म्हणजे तिचाच मुलगा. तो लढाईवर गेला तो गेलाच, आणि मागे घरही जळलं. उरलं ते एवढंच चित्र. म्हातारी रोज त्यावरून अंगठा फिरवायची. ते पाहून तोकुझो हळहळला, पण ते दुमडलेल्या कोपऱ्यासाठी!

तो म्हणाला, "आजी, तुमच्या हातानं हा झिजून जाईल. माझ्याकडे द्या. वाटेल तेव्हा येऊन बघा."

म्हातारीला पटलं. काही न मागता तिनं पत्ता दिला.

तोकुझोनं तो लाकडी पेटीत ठेवला आणि झाकणाच्या फटी मेणानं बुजवल्या. म्हातारी पावसाळ्यात आली, तर म्हणाला, हवा दमट आहे. उन्हाळ्यात आली, तर म्हणाला, उजेडानं रंग उडेल. बिचारी बंद पेटीवर हात ठेवायची आणि परत डोंगर चढायची.

मग तिची नजर जाऊ लागली. कशीबशी काठी टेकत ती आली.

"एकदा दाखव, बाबा. पुढच्या वेळी मला दिसायचं नाही."

या वेळी तोकुझोनं पेटी पुढे ओढली. त्यानं मेण खरवडलं, झाकण उचललं. पत्त्याचा पुठ्ठा कागदाचे थर खळीनं चिकटवून केलेला. त्या खळीत लपलेली, कागद खाणारी कसर पत्त्याबरोबरच पेटीत बंद झाली होती. पत्त्याचा नुसता भुसा उरला होता.

म्हातारी रडली नाही. भुशावरून अंगठा फिरवत म्हणाली, "असू दे. तू तर पाहिलायस त्याला. माझ्या डोळ्यांपुढे तो आता नीट उभा राहत नाही. सांग, हसत होता ना रे?"

तोकुझोनं डोळे मिटले. कोपऱ्याची दुमड आठवली, निळ्या शाईचा फराटा आठवला. चेहरा काही केल्या आठवेना. खोटं बोलावं असं मनात आलं, पण जीभ रेटेना.

"मी चेहरा बघितलाच नाही, आजी," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी भिंत चाचपत बाहेर पडली. ती पुन्हा कधी आली नाही. तोकुझो त्यानंतर रोज बाकीचे पत्ते मांडून एकेक चेहरा न्याहाळत बसे. सगळे पहिलवान त्याला ओळखू येत. जो आठवायचा होता, तो मात्र कधीच आठवला नाही.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्याकडे कधी डोळे भरून पाहिलं नाही, ते आपण जपलं असं म्हणू नये.