चुलीवरची पाणीपट्टी

पूर्वी कमलावती नगरात राजा चंद्रवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील नगरसभेत जलमंत्री होता. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी दगडी पाटाने नगरात येई. पाटातला गाळ काढायला दरवर्षी जो खर्च येई, तो सभा पाणीपट्टी म्हणून घराघरांवर वाटून टाकी. वाटणी चुलींवर होई. जितक्या चुली, तितकी पट्टी.

चुली मोजायची रीत मोठी देखणी होती. थंडीत, दिवस आधी न सांगता, एका पहाटे सभासद टेकडीवर जात. खाली नगर धुक्यात बुडालेले असे, आणि त्या धुक्यातून धुराच्या निळ्या रेघा संथपणे वर चढत. त्या मोजायच्या की झाले. कुणाच्या घरात डोकवायला नको, कुणाशी हुज्जत नको. ही रीत बोधिसत्त्वानेच सुचवली होती, आणि तिचा त्याला थोडा अभिमानही होता.

एका वर्षी रेघा कमी भरल्या. बुरूडआळीवर तर धूर जवळजवळ नव्हताच. लोक नगर सोडून गेले असावेत, तेव्हा उरलेल्या चुलींची पट्टी वाढवावी, असे नगरशेठ धनव्रताने सुचवले.

"घरोघरी मातीच्या चुली," तो म्हणाला. "सगळ्यांना सारखी पट्टी. यात अन्याय कसला?"

सभेने माना डोलावल्या. बोधिसत्त्व मात्र टेकडी उतरून बुरूडआळीत गेला.

आळी माणसांनी भरलेली होती. एका अंगणात उत्पला नावाची म्हातारी मडके पुढ्यात घेऊन बसली होती. ऊन सरकले की तीही मडके सरकवी. आत तिचा नवरा तापाने फणफणला होता. मडक्यात काय आहे, असे बोधिसत्त्वाने विचारले.

"पेजच म्हणायची, बाबा," ती म्हणाली. "कण्या भिजवते नि उन्हात ठेवते. मोजणी कधी होईल नेम नाही. चूल पेटवली तर धूर दिसतो, धूर दिसला की पट्टी. ती कुठून भरू? यांना गरम लागतं, पण ऊन तापेल तेवढंच."

बोधिसत्त्वाने मडक्याला हात लावला. ते गार होते.

त्याच्या स्वतःच्या घरी बेचाळीस माणसे जेवत, अंगणात कमळांचे तळे होते, आणि चूल एकच होती. इतकी वर्षे आपण या म्हातारीइतकीच पट्टी भरत आलो, हे ध्यानात येऊन त्याला फार लाज वाटली. घरून त्याने आधी गरम पेज पाठवली, मग तो सभेत गेला.

"चुली मातीच्या, हे खरे," तो म्हणाला. "पण पाणी चूल पीत नाही, माणूस पितो. माझ्या घरी तर कमळे पितात. पट्टी घागरींवर लावा, आणि सुरुवात माझ्यापासून करा."

तीन दिवस वाद चालला. शेवटी पिण्यारांधण्याच्या घागरी स्वस्त झाल्या आणि बागातळ्यांच्या महाग. बोधिसत्त्वाची पट्टी चौदापट झाली. घरच्यांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला, आणि कमळांचे तळे आटून गेले.

पुढच्या थंडीत तो एकटाच टेकडीवर गेला. बुरूडआळीवर धुराच्या रेघा उठत होत्या. त्याने त्या मोजल्या नाहीत.

ही पूर्वजन्मीची कथा भगवान बुद्धांनी विहारातल्या भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, काल आजारी भिक्षूसाठी गरम पेज घेऊन आलेली उपासिका, तीच तेव्हाची उत्पला. तिने पेज दिली तो भिक्षू, तोच तिचा पती. विहारातल्या हौदाशी, आजारी असो वा धडधाकट, सगळ्यांना सारखेच पाणी मिळावे म्हणून भांडलात ते तुम्ही, तीच ती सभा. आणि आपल्याच रीतीवर भाळलेला जलमंत्री मी होतो. त्या जन्मी मला करुणा शिकवली ती एका गार मडक्याने."