झाकणावरचं कुंकू

फार पूर्वी, यंत्रं आपसांत बोलायची तेव्हा, एका मैदानावर गवत कापायची जुनी गाडी होती. खंडेनवमीला तिची पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून ती सुरू होऊन लगेच बंद पडू लागली.

"दोष सापडल्याशिवाय मी हटणार नाही," गाडी म्हणाली. प्लगची ठिणगी चांगली होती, पेट्रोल ताजं होतं, पण इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. "मग पेट्रोल खाली उतरत का नाही?"

टाकीच्या झाकणाला कारण ठाऊक होतं. पूजेचं हळदकुंकू त्याच्यावरच थापलं होतं आणि त्याखाली त्याचं हवेचं बारीक छिद्र बुजलं होतं; हवा आत शिरल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. पण एवढा मान पुसायचा कसा?

गाडी धापा टाकत पुन्हा उठली, पुन्हा बंद पडली. झाकणाला राहवेना. दांड्यावर लटकलेल्या फडक्याला ते म्हणालं, "फडक्या, पूस मला!"

फडक्यानं छिद्र मोकळं केलं, मग गाडी मैदान संपेपर्यंत थांबली नाही.

पुढच्या खंडेनवमीला पूजेचं ताट जवळ येताच झाकण म्हणालं, "लावा, पण जरा कडेला."