न उघडलेला आवा

कोणे एके काळी, म्हणजे इतक्या पूर्वी की त्या राजाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही, एका राज्यात मोठी ग्रंथशाळा होती. दर बारा वर्षांनी तिथे राज्याची बखर नव्याने उतरवून काढत. त्या वर्षी हे काम एका तरुण विद्यार्थिनीकडे आलं.

उतरवता उतरवता ती एका ओळीशी थांबली. 'नदीकाठी कुंभारांची नऊ घरं होती. चांगल्या मातीच्या शोधात ती आपखुशीने निघून गेली.'

ग्रंथशाळेच्या दाराशी रोज बसणारी एक म्हातारी मात्र वेगळंच सांगायची. "राजाच्या आजाच्या सैनिकांनी आमचं अख्खं गाव एका सकाळी कापून काढलं. नदीकाठची जमीन हवी होती त्यांना. मी दहा वर्षांची. रानात पाचोळा गोळा करायला गेले होते, म्हणून उरले." येणारेजाणारे तिला वेडी म्हणत. मरण्याआधी कुणीतरी 'होय, असं झालं' म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. पौर्णिमेला बखरीवर राजमुद्रा उठली की पुढची बारा वर्षं तिच्यात एक अक्षर बदलता येणार नव्हतं. म्हातारीकडे बारा वर्षं नव्हती.

मुलगी तडक ग्रंथशाळेच्या आचार्यांकडे गेली. "ही ओळ खोटी आहे!"

"हळू बोल, बाळ. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?"

"तुमचं तर होणारच नाही. त्याच जमिनीवर तुमची आमराई आहे."

भोवतीचे शास्त्री खवळले. आचार्य मात्र हसले. "ओरडून बखर बदलत नाही. पुरावा आण. एका वेडीची बडबड म्हणजे पुरावा नव्हे."

मुलगी पाय आपटत बाहेर पडली. पण अर्ध्या वाटेवर तिला कबूल करावं लागलं, की आचार्यांचं एवढं एक वाक्य बरोबर होतं.

ती म्हातारीजवळ जाऊन बसली. "आजी, तुम्ही गावात काय काम करायचात?"

"मडकी पोचवायची. गावाची भट्टी एकच, आम्ही तिला आवा म्हणायचो. सगळ्यांची मडकी एकत्र रचायची, वर पेंढा, राख, माती लिंपायची आणि भाजायची. कुठलं मडकं कुणाचं ते कळावं म्हणून बुडाशी घराघराची खूण कोरलेली. आवा उघडला की आम्ही पोरं खूण बघून मडकी दारोदार पोचवायचो. त्या सकाळीही आवा पेटलेला होता."

"मग तो उघडला कुणी?"

"उघडायला उरलं कोण होतं, पोरी?"

मुलगी आमराईत जाऊन आली. तिथे कोपऱ्यात एक गवताळ उंचवटा होता. राखणदार त्यावर बसून पोपट हाकायचा. सैनिकांनी घरं जाळली होती, विहीर बुजवली होती. पण आवा त्यांना राखेचा ढीग वाटला, म्हणून तो तसाच राहिला. मुलीचे हात कुदळीसाठी शिवशिवले. तिने ते आवरले. एकटीने खणलं तर सगळे म्हणणार, मडकी तूच पुरलीस.

ती राजाकडे गेली. "महाराज, आधी आजींना आठवतील तेवढ्या खुणा काढू द्या. तो कागद आचार्यांनीच मोहोरबंद करावा. मग सगळ्यांसमोर खणू."

म्हातारीने अडतीस खुणा काढल्या आणि प्रत्येकीपुढे घराचं नाव सांगितलं. आचार्यांनी मोहोर लावली. दुसऱ्या दिवशी उंचवटा खणला, तर आत भाजलेली मडकी रांगेने रचलेली, एकालाही हात न लागलेली.

"घाईत राहिली असतील," एक शास्त्री पुटपुटला.

"घाई कसली होती, शास्त्रीबुवा?" मुलीने विचारलं.

आव्याच्या तोंडाशी एक सांगाडा होता. त्याच्या बरगड्यांत बाणाचं टोक होतं आणि त्यावर राजघराण्याचं चिन्ह. राजाने ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

मोहोर फोडली. अडतीसच्या अडतीस खुणा मडक्यांवर सापडल्या. बखरीत घरं नऊच लिहिली होती. मग आणखी पाच खुणा निघाल्या, ज्या कागदावर नव्हत्या.

"या कुणाच्या, आजी?"

म्हातारीने पाचही खुणांवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. "नाही गं आठवत. यांना मीसुद्धा विसरले."

"होय, असं झालं," राजा म्हणाला. "माझ्या आजोबांनी हे केलं."

त्याने आमराई काढून घेतली आणि नवी नोंद आचार्यांनीच लिहावी, असा हुकूम दिला. जुनी ओळ खोडायची नाही. ती कुणी लिहिली आणि कशासाठी, तेही खाली लिहायचं. आचार्य अडतीस नावं लिहून थांबले. "पुढे काय लिहू?"

"खुणा काढा," मुलगी म्हणाली. "आणि नावांसाठी जागा सोडा."

पौर्णिमेला राजमुद्रा उठली, ती त्या पाच रिकाम्या जागांसकट.

तात्पर्य: घडलेलं नाकारणाऱ्यांपुढे नुसता संताप पुरत नाही, मेलेल्यांची बाजू धीराने शोधलेला आणि सर्वांसमोर तपासलेला पुरावाच मांडतो.