हिरव्या रंगाचं डेव्हिएशन

मंडळी, तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? ‘चुकलो’ म्हणणाऱ्यावर, की ‘जरासाच चुकलो’ म्हणणाऱ्यावर? घाई नको. आधी हे ऐका.

एकदा एका पेठेत एक वृद्ध रंगारी होता. पैठणी विणणाऱ्यांना तो रेशीम रंगवून देई. त्याचा शिष्य हुशार, पण शहरातल्या वर्गातून ‘डेव्हिएशन’ हा शब्द घेऊन आलेला. लड फिकी उतरली, डेव्हिएशन. डाग पडला, डेव्हिएशन. जेवायला उशिरा आला तरी तेच. म्हाताऱ्याचे कान किटले होते.

एका सकाळी एक विणकर कावराबावरा होऊन आला. पैठणी मागावर अर्धी झालेली, लग्न तोंडावर, आणि काठाला नेलेली नवी हिरवी लड आधीच्या काठाशी जुळेना. दिवाळीत नेलेल्या रेशमाचा उरलेला धागा त्याने पुढे केला. सगळं उसवायचं की काय, एवढंच तो विचारत होता.

शिष्याने लड उजेडात धरली. मागच्या खेपेशी आपण ताडून पाहिलंय, नखभर डेव्हिएशन आहे, असं तो म्हणाला. मागची खेप कशाशी ताडली होती, असं म्हाताऱ्याने विचारलं. तिच्या मागच्या खेपेशी, असं उत्तर आलं.

म्हातारा उठला. शिष्याने नमुना म्हणून जपलेली मागच्या खेपेची लड खुंटीवरून काढली आणि सरळ काळ्या रंगाच्या हंड्यात बुडवली.

“बाबा, अहो, आता मी ताडू कशाशी?”

“हे इतके दिवस का नाही विचारलंस?” म्हाताऱ्याने पेटीतून पहिल्या हिरव्याचा नमुना काढून विणकराच्या धाग्याशेजारी ठेवला. दोन्ही एकच. “डेव्हिएशन म्हणजे ढळणं ना? मग कुठून ढळलं, ते सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ काय? तू कालच्या चुकीला नमुना केलंस आणि आजची चूक तिच्यापासून मोजलीस. ती नखभरच निघणार. मुद्दाम वेगळा रंग काढायचाय? खुशाल काढ. पण जुन्या नावाने विकू नकोस.”

पेटीतला नमुना समोर ठेवून शिष्याने नवी लड रंगवायला घेतली. संध्याकाळी ती सुकल्यावर विणकराने आपला धागा तिच्यावर ठेवला, आणि मग तो कुठे गेला, हे त्याला बोटाने चाचपूनही सापडेना.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. आपल्या वागण्याचा हिशेब मांडाल, तेव्हा कालपासून मांडू नका. जिथून निघालात, तिथपासून मांडा, आणि खरा मांडा.