मंदी संपल्याचा दाखला

“…पण वाढ झाली हे तू कोणाला विचारून लिहिलंस?”

“विचारायचं कशाला, बाई? मोजलंय.”

केसरबाई झोळी झटकत होत्या. त्या थांबल्या. “मोजलंस? काय मोजलंस?”

“हातगाड्या,” ओजस म्हणाला.

बाई खुदकन हसल्या.

ओजस राजंदेकर पुण्याच्या एका संस्थेत अर्थशास्त्र शिकत होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. त्याच्या आईचं घराणं रेवणखेडच्या या मठाचं अनुयायी, त्यामुळे गावात आला की तो मठातच उतरायचा. केसरबाई मठातल्या सर्वांत वडील संन्यासिनी. पंचाहत्तरी ओलांडली तरी रोज दुपारी स्वतः भिक्षेला जायच्या.

“हसू नका,” ओजस म्हणाला. मांडीवरचा लॅपटॉप त्याने बाजूला ठेवला. असं काही बोलायचं म्हणजे त्याला दोन्ही हात मोकळे लागायचे. “सरकारी आकडे कोणाचे असतात? मोठ्या कारखान्यांचे. तेही येतात वर्षाने. तोवर मंदी येते, माणसं मोडते आणि निघूनही जाते. आपल्यासारख्या देशात निम्म्याहून जास्त लोक कुठल्याच आकड्यात नसतात. भेळवाला नसतो. चप्पल शिवणारा नसतो. मी त्यांना मोजतो, बाई. दीड वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, या गावातली एकेक हातगाडी. सुरुवातीला एकशे चाळीस होत्या. आता दोनशे एकतीस. सलग तीन तिमाह्या वाढ! मंदी संपली.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “मग आता?”

“आज पाच वाजता नगरपालिकेत समिती बसतेय. माझा अहवाल तिथे जाणार. मंदी म्हणून नाला खोदायची, रस्त्याची कामं काढली होती ना, ती आता थांबवता येतील. तो पैसा शाळांना वळवता येईल.”

“त्या कामांवर माणसं किती?”

“सहाशे.”

“त्यांना सांगितलंस, मंदी संपली म्हणून?”

“ते त्यांना कळेलच की!”

“हं…”

बाईंनी झोळी त्याच्यापुढे धरली.

“हे काय?”

“चल. साडेबारा होत आले.”

“बाई, माझा अहवाल…”

“पाचला अजून पुष्कळ वेळ आहे. वाढ झालीय म्हणतोस, तर माझ्या म्हातारीच्या खांद्याला आज ओझं जास्त व्हायचं. धर.”

ओजसने झोळी घेतली. इस्त्रीच्या शर्टावर ती विचित्र दिसत होती. कोपऱ्यावर दोन शाळकरी मुली त्याच्याकडे बघून हसल्या, तेव्हा त्याने ती पाठीमागे सरकवली.

“पुढे घे,” बाई म्हणाल्या. “भिक्षा पाठीत वाढत नाहीत.”

वाटेत बाईंनी त्याला नियम सांगितला. एका दारापुढे तीन हाका द्यायच्या. तिसऱ्या हाकेला दार उघडलं नाही, तर पुढच्या घरी जायचं. कडी वाजवायची नाही, खिडकीतून डोकावायचं नाही, आणि जे वाढतील त्याला नावं ठेवायची नाहीत.

“भिक्षा वाढा, माय…”

पहिल्याच हाकेला दार उघडलं. बनियन घातलेला एक माणूस भाकरी घेऊन आला. कशी वाढायची ते त्याला नीट कळेना, म्हणून दोन्ही हातांनी सोडून मोकळा झाला.

दुसरं दार. पहिलीच हाक. खांद्यावर तान्हं मूल घेतलेल्या तरुणाने वाटीभर भात घातला.

तिसऱ्या घरी एकजण उंबऱ्यात बसून कांदा चिरत होता. डोळे पुसत पुसतच उठला.

सहा घरं झाली. सहाही दारं पहिल्या हाकेला उघडली. झोळी जड झाली, तसा ओजसचा चेहरा खुलत गेला.

“बाई, रोज असंच असतं?”

“हल्ली असतं. पूर्वी दहा घरं हिंडले तर दोन दारं उघडायची. तिसरी हाक देऊन पुढे जायचं, असंच चालायचं. कित्येकदा रिकामी झोळी घेऊन परत यायचे मी.”

“बघा!” ओजस गल्लीच्या मधोमध उभा राहिला. “दोनाचे दहा! लोकांच्या घरात आलंय म्हणून ते देतात. हा आकडा तर माझ्या गाड्यांपेक्षाही बोलका आहे. टाकतोच मी अहवालात.”

“टाक,” बाई म्हणाल्या आणि सातव्या दारापुढे उभ्या राहिल्या. “भिक्षा वाढा, माय…”

दार उघडलं. चाळिशीचा, मिशीवाला माणूस. त्याने बाईंना दंडवत घातला आणि मग ओजसकडे बघून डोळे बारीक केले.

“साहेब, तुम्ही परवा सोमवारी माझी गाडी मोजली ना? चौकातली. ‘नरसय्या भेळ’.”

“हो, हो!” ओजसला आनंद झाला. “नवी गाडी! दोनशे एकोणतिसावी.”

“एवढ्या झाल्या?” नरसय्याने कपाळाला हात लावला. “अहो, मग मी तरी कोणाला विकू? अर्ध्या गल्लीने गाड्या काढल्यात. संध्याकाळी मी शेजाऱ्याचा वडापाव खातो, तो माझी भेळ खातो. दोघांचाही माल संपतो. धंदा जोरात आहे, साहेब!”

तो मोठ्याने हसला. बाईही हसल्या. ओजस हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

“आधी काय करत होतात?”

“कापड विणायच्या मागावर होतो. बावीस वर्षं. ही सगळी गल्ली मागावरच होती. प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत दोन नाहीतर चार माग. दोन वर्षं झाली बंद पडून.”

ओजसने वहीसाठी खिशात हात घातला. तेवढ्यात बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

“ऐक,” त्या म्हणाल्या.

…

ओजसने ऐकलं. छपरावर कावळा बसला होता, त्याच्या नख्या पत्र्यावर वाजत होत्या. चार घरं पलीकडे कोणी खोकलं. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“काय ऐकू आलं?”

“काहीच नाही. शांत आहे.”

“हं…”

“शांत!” नरसय्या म्हणाला. “साहेब, भर दुपारी या वेळेला इथे बायको कानाशी येऊन ओरडली, तरी कळायचं नाही. मागाचा धोटा नुसता इकडून तिकडे, खटाखट, खटाखट. सगळी गल्ली थरथरायची. या बाई दारात तीन हाका देऊन जायच्या आणि आत आम्हाला पत्ता नसायचा. संध्याकाळी आई कपाळ बडवून घ्यायची, की आजही बाई उपाशी गेल्या म्हणून.”

ओजसचा हात खिशातच राहिला.

दीड वर्षापूर्वी तो पहिल्यांदा मोजायला आला, तेव्हाही गाव असंच होतं. तेव्हा त्याने आईला फोनवर सांगितलं होतं, की रेवणखेड फार छान आहे, गजबज म्हणून नाही. ते शांत गाव धरून त्याने मोजायला सुरुवात केली होती. त्याआधी इथे काय वाजत होतं, हे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं.

आणि भर दुपारी, सातही दारांत, कामाच्या वयाचे पुरुष.

“घरात पोरं जेवलीत का रे?” बाईंनी नरसय्याला विचारलं.

“जेवलीत, बाई. मी नाल्याच्या कामावर आहे ना. आज सुट्टी आमच्या टोळीला. ते काम आहे तोवर चूल आहे. भेळ आपली वरखर्चाला.”

त्याने दोन भाकऱ्या वाढल्या. ओजसने झोळी पुढे केली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर झोळी त्याने पुढेच धरली होती.

मठात आल्यावर तो लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसला आणि अहवालाच्या पहिल्या पानावरचं ‘मंदी संपली’ हे वाक्य त्याने खोडलं. मग ते पानच खोडलं. मग नगरपालिकेत फोन लावला.

“अहो, काल तर तुम्ही वाढ म्हणालात!” पलीकडचे कारकून वैतागले. “मी टिपण करून ठेवलंय.”

“काल चुकलो.”

“आणि त्या दोनशे एकतीस गाड्या? त्या काय हवेत गेल्या?”

“त्या गाड्या नाहीत हो. बंद पडलेले माग आहेत ते.”



“माझा मेव्हणा पावभाजीची गाडी लावतो,” कारकून हळूच म्हणाले. “तोही मागावरच होता… बरं. कामं चालू ठेवावीत, असं लिहू?”

“तसंच लिहा. मी साडेचारला स्वतः येतो. समितीपुढे मीच सांगेन.”

फोन ठेवला, तेव्हा ओजसचे कान लाल झाले होते. दीड वर्षाचं काम गेलं होतं. तरी छातीत कसं मोकळं वाटत होतं. त्याला स्वतःचाच थोडा राग आला, आणि भूकही लागली.

बाईंनी झोळीतलं सगळं एका ताटात ओतलं होतं. भात, भाकऱ्या, वांग्याची भाजी, कोणाचं तरी पिठलं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. दोघं जेवायला बसले. पिठलं झणझणीत होतं. ओजस नाक ओढत ओढत जेवत होता.

“बाई,” शेवटी तो म्हणाला, “सगळे माग पुन्हा सुरू झाले, अन् तुमची हाक कुठल्याच घरात पोचली नाही, तर?”

केसरबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि अर्धा त्याच्या ताटात टाकला.

“तर मला उपास. … पण किती शांत झोप लागेल रे त्या दिवशी!”