लहान यो-यो आणि गुरूची दोरी

एकदा एक वृद्ध कातारी, म्हणजे लाकडी खेळणी घडवणारा कारागीर, आपल्या शिष्येने केलेला नवा यो-यो तळहातावर घेऊन निरखीत होता. लाकूड नेहमीचेच, लाखेचा रंगही तसाच चकचकीत. आकार मात्र लिंबाएवढा. नेहमीच्या यो-योच्या तो निम्माही नव्हता.

शिष्येने तो हट्टाने केला होता. जत्रेत लहान मुले मोठा यो-यो दोन्ही हातांनी धरत, पायावर पाडून घेत आणि रडत परत देत. ते तिला बघवत नसे. वृद्धाने तिला शब्द दिला होता की, हा यो-यो चाचणीला उतरला तर कार्यशाळेतले लाकूड कातायचे एक यंत्र तिचे. नाही उतरला, तर पुन्हा इतरांची खेळणी घासत बसायचे.

चाचणीची रीत जुनी होती. भिंतीवरच्या खुंटीला एक सुती दोरी टांगलेली असे. वृद्धाच्या गुरूची बेंबी जमिनीपासून जितकी उंच, तितकी तिची लांबी. झिजली की त्याच मापाची नवी कापत. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत. त्या दोरीवर खाली जाऊन जो यो-यो पुन्हा हातात येईल, तोच बाजारात जाई.

त्या दिवशी जत्रेसाठी माल न्यायला व्यापारी आला होता. त्याच्यासमोर शिष्येने दोरी गुंडाळायला घेतली. यो-योची खाच लहान. ती काठोकाठ भरली, तरी दोरी उरलीच. उरलेली काठाबाहेर फुगली. तिने यो-यो सोडला. तो घासत, अडखळत खाली गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला. तिने पुन्हा गुंडाळून सोडला. पुन्हा तेच.

व्यापारी खदखदून हसला. "अगं, हा तर विहिरीत पडलेला बेडूक! वर यायचं नावच घेत नाही. आबा, जीव एवढासा, त्याला दम कुठून असणार? टाका शेगडीत."

बाकीचे कारागीरही हसले.

शिष्येचा चेहरा लाल झाला. तिने दोरी हिसडून काढली आणि लाख तापवायच्या शेगडीत यो-यो भिरकावला. "जळू दे मेल्याला! सगळ्यांसमोर नाक कापलं माझं."

वृद्ध उठला. चिमट्याने यो-यो निखाऱ्यातून बाहेर काढून त्याने धोतराला पुसला. मग शिष्येच्या हातातली दोरी घेतली, कात्री उचलली आणि ती हळदकुंकू लागलेली दोरी मधोमध कापून टाकली.

"आबा!" व्यापारी किंचाळला. "गुरूची दोरी कापलीत? डोकं ठिकाणावर आहे ना?"

वृद्धाने दोरीचा एक तुकडा लहान यो-योच्या आसाला बांधला, गुंडाळला, आणि हात खाली झटकला. यो-यो सरसर उतरला आणि टप्पकन त्याच्या तळहातात येऊन बसला. त्याने पुन्हा सोडला. पुन्हा आला.

"डोकं ठिकाणावर आहे, म्हणूनच कापली," वृद्ध म्हणाला. त्याचा आवाज संतापाने थरथरत होता. "दोरी काठाला घासत होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घासत होती. पण एकानेही तिच्याकडे बोट दाखवलं नाही. मोठ्या माणसाची दोरी या एवढ्याशा पोटात कोंबली, आणि तो वर आला नाही म्हणून दात काढलेत!"

मग तो शिष्येकडे वळला. "आणि तू! यांच्यापेक्षा तुझा राग आलाय मला. हसले हे लोक, दोरी माझ्या गुरूची, आणि आगीत कोण गेला? ज्याला तोंड नाही तो. तुला संताप आला, ते बरोबरच होतं. अन्याय बघून ज्याचं रक्त तापत नाही, त्याला मी यंत्राजवळ उभा करत नाही. पण राग पाण्यासारखा उताराकडे धावतो, पोरी. जो लहान दिसेल त्याच्यावर जाऊन आदळतो. त्याला वरच्या दिशेने न्यायला छाती लागते."

व्यापाऱ्याने घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे हो. पण मी एका मापाचा माल विकतो. पोरागणिक दोऱ्या कापत कोण बसणार?"

"ज्याला पोरांना खेळणी विकायचीत तो."

"मग ठेवा तुमची खेळणी तुमच्यापाशीच!" रिकाम्या टोपल्या उचलून व्यापारी तरातरा निघून गेला.

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. "आबा, जत्रेचा माल तसाच राहिला. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे? बघ, पुन्हा उताराला लागलीस." वृद्ध त्या दिवशी प्रथमच हसला. "चल, ते कडेचं यंत्र पुसून घे. आता ते तुझं."

ती यंत्राजवळ जाऊन उभी राहिली. राग अजून तसाच होता, पण तिने फडके घेऊन ते पुसायला सुरुवात केली. राग गिळायचा नसतो, त्याला त्याच्या खऱ्या धन्यापर्यंत पोहोचवायचे असते, हे तिला उमगले होते.

वर्गात मागे पडलेल्या मुलावर आपण तत्काळ ओरडतो. ज्यांनी सगळ्या मुलांसाठी एकच माप ठरवले, त्यांच्या दारात जाऊन ओरडण्याची छाती आपल्याला कधी होणार?